गार लागतंय का?

गाडीच्या एसीची कामं करणारे त्या शहरात बरेच होते, पण ज्यांच्या नुसत्या हातावर लोक विसंबत असे मिस्त्री एकच. त्यांच्या शेडमध्ये मीटर होते, रंगीत नळ्या होत्या, गॅसच्या टाक्या होत्या, सगळा जामानिमा होता. पण शेवटचा निकाल द्यायचा तो त्यांचा उजवा तळहात. काम उरकलं की मिस्त्री खिडकीतून हात आत घालत, डॅशबोर्डच्या जाळीसमोर तळवा धरत, डोळे मिटत आणि जरा वेळानं म्हणत, "झालं. न्या." किंवा नुसती मान हलवत, आणि मग मालकानं कितीही घाई केली तरी गाडी परत आत जायची. एखादं नवखं गिऱ्हाईक म्हणायचं, थर्मामीटर लावून बघा ना. मिस्त्री हसायचे. "थर्मामीटर आजाऱ्याला. गाडीला कुठं ताप आलाय?"

जुने दोस्त त्यांना बर्फ्या म्हणत. दिसायला मात्र माणूस बर्फासारखा नव्हता. काळा, रुंद, घामानं कायम निथळणारा. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या गार करायच्या आणि स्वतः पत्र्याखाली भाजून निघायचं, यावर ते स्वतःच विनोद करायचे.

शेडमध्ये त्यांच्या जोडीला त्यांचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, पण आता त्याचेही कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. हडकुळा आणि कमी बोलणारा. डॅशबोर्डच्या आत कोपरापर्यंत हात घालायचं काम त्याचं, कारण मिस्त्रींचा पंजा तिथं मावायचा नाही. दोघांचं बोलणं म्हणजे "दाजी, पाना," आणि "घे," एवढंच. पण इतकी वर्षं त्यात कधी तंटा झाला नव्हता.

साखरेचं दुखणं मिस्त्रींना लागून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या बायको ताटाशेजारी ठेवायची; आठवण राहिली तर घ्यायच्या, नाहीतर खिशात टाकायच्या. "मी काय मरतोय का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा ते एका पायातली चप्पल रस्त्यात टाकून तसेच घरी आले. बायकोनं दारातच विचारलं, "दुसरी कुठाय?" तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. "ध्यान नव्हतं," म्हणाले, आणि चप्पल शोधायला परत गेले.

मग हातांना मुंग्या यायला लागल्या. रात्री झोपेत बोटं झाडत उठायचे. पान्यानं नट आवळताना हात जड वाटायचा. असं पुष्कळ दिवस चाललं आणि एके दिवशी मुंग्या थांबल्या. मिस्त्री खूश झाले. बायकोला म्हणाले, "बघ, डॉक्टरकडे न जाता बरं झालं." ती काही बोलली नाही. आदल्याच दिवशी तिनं त्यांना चुलीवरून उतरवलेलं पातेलं फडक्याशिवाय धरताना पाहिलं होतं. पातेलं त्यांनी शांतपणे ओट्यावर ठेवलं होतं आणि वर तिलाच म्हणाले होते, "झालं का जेवण?"

त्याच सुमारास गाड्या परत यायला लागल्या. कुणी म्हणे, सुरुवातीला गार येतं आणि मग कोमट होतं. कुणी म्हणे, पहिल्या दिवशी बरं होतं. मिस्त्री वैतागायचे. "लोकांच्या सवयी बिघडल्यात. नाकातून वाफ निघाली तरच यांना गार वाटतं." मेहुणा ऐकून घ्यायचा, मिस्त्री चहाला गेले की मुकाट्यानं बॉनेट उघडायचा, राहिलेलं काम पुरं करायचा आणि गाडी लावून द्यायचा. दाजींना सांगायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. सांगायचं म्हणजे तरी नेमकं काय, तेही त्याला धड उमगलं नव्हतं. वय झालं, लक्ष लागत नाही, असंच त्याला वाटत होतं.

लायब्ररीतल्या बाई त्यांच्याकडे आल्या त्या अशा दिवसांत. बुटक्या, चष्मा लावणाऱ्या, बोलताना आवाज न चढवणाऱ्या. गाडी जुनी, पण आतून स्वच्छ. पुढच्या सीटवर त्यांचा नवरा बसलेला असायचा. त्याला पाहून मिस्त्रींनी आधी ओळखलं नाही. बाईंनी सांगितलं तेव्हा ते चकितच झाले. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करणारा तो आवाज या माणसाचा होता! सगळ्या गावानं तो आवाज ऐकला होता. कुणी त्याचा चेहरा पाहिला नव्हता. आता अर्धं अंग गेलं होतं आणि त्याबरोबर वाचाही. बाई त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाच्या उपचारांना न्यायच्या. तिथल्या मुलीनं चिकाटीनं त्याच्याकडून काही शब्द परत बोलून घेतले होते. पाणी. नको. बायकोचं नाव. आणि मध्येच, कुणी न विचारता, "गाडी सुटणार."

"ते म्हटलं की स्वतःच हसतात," बाई म्हणाल्या. "तेवढं एक नीट येतं त्यांना. पण ऊन अजिबात सोसत नाही हो. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, तापू द्यायचं नाही. म्हणून हा एसी नीट करून द्या."

मिस्त्रींनी मन लावून काम केलं. पहिल्या खेपेला एका जोडातून गॅस झिरपत होता. तो बंद करून गॅस भरला. बाई आठवड्यानं परत आल्या. "चालताना बरं असतं, पण मध्येच गरम वारा सुटतो आणि मग आपोआप थांबतो." मिस्त्रींनी पुढची जाळी धुतली, पंखा पाहिला, पट्टा बदलला. तिसऱ्या खेपेला बाई आल्या तेव्हा मेहुणा सामान आणायला बाजारात गेला होता आणि शेडमध्ये मिस्त्री एकटेच होते.

त्यांनी इंजिन चालू ठेवून मीटर जोडले. दोन्ही काटे जिथं असायला हवेत तिथं. गॅसच्या पाइपला घाम सुटलेला, थेंब टपकताहेत. मिस्त्रींचं मन तिथंच अर्धं भरलं. मग त्यांनी खिडकीतून हात घातला, तळवा जाळीसमोर धरला आणि डोळे मिटले. हातावर वारा लागत होता. वारा लागला की गार, हा हिशेब त्या हातात इतका मुरलेला होता की गारवा नसला तरी तो हात स्वतःच त्यात गारवा घालून घेत होता.

"झालं," ते म्हणाले. "छान गार आहे."

बाईंनी पलीकडून आपला हात जाळीजवळ नेला. मग मागं घेतला आणि परत नेला. "मला कोमट लागतंय हो."

"उन्हातून आलात ना तुम्ही, ताई. अंगातच उष्मा भरलाय. सगळंच कोमट लागणार."

"तसं असेल का?"

"अहो, हा हात कशासाठी आहे मग? माझ्या हाताला गार लागतंय ना."

बाई थोडा वेळ घुटमळल्या. आयुष्य पुस्तकांत गेलेलं. जाणत्या माणसाचा शब्द मानायची सवय. आपल्या कातडीपेक्षा त्यांनी मिस्त्रींच्या कातडीवर विश्वास ठेवला. पुढच्या सीटवरचा नवरा मात्र अस्वस्थ होता. चांगला हात जाळीकडे उचलून तो काहीतरी म्हणू पाहत होता. "ग... ग..."

"हो, हो, गाडी सुटणार," बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा पट्टा लावला. मिस्त्रीही हसले. त्याला गाडी म्हणायचं नव्हतं, गरम म्हणायचं होतं, हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी नदीवरच्या पुलावर एक ट्रक आडवा झाला आणि गाड्यांची रांग पार बाजारापर्यंत लागली. बाईंची गाडी पुलाच्या मधोमध अडकली. मागं जाता येईना, पुढं जाता येईना. बाहेर ऊन रणरणत होतं. एसी ठीक आहे, मिस्त्रींनी स्वतः पाहिलाय, या भरवशावर बाईंनी काचा बंद ठेवल्या आणि पंखा पूर्ण सोडला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जाळीचं तोंड नीट फिरवून दिलं. वारा गरम आहे हे त्यांच्या लक्षात आलं, पण थोड्या वेळात गार होईल, मागंही तसंच झालं होतं, असं त्यांना वाटत राहिलं. शेवटी काचा खाली केल्या, तर बाहेरून धूर आणि वाफ आत आली. तोवर नवऱ्याची मान एका बाजूला कलली होती. पुढच्या गाडीतल्या माणसांनी त्याला उचलून पूल पायी पार केला.

बाईंकडे मिस्त्रींच्या शेडचा नंबर होता. पुलावर सोडलेली गाडी हलवायला त्यांनी तिथंच फोन केला. तो मेहुण्यानं घेतला आणि संध्याकाळच्या आत तोच गाडी चालवत शेडमध्ये घेऊन आला. उतरला तेव्हा त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता.

"दाजी, सकाळी ही तुम्ही बघितली होती?"

"बघितली होती. का?"

"हात लावून?"

"मग काय पाय लावून?" मिस्त्री म्हणाले, पण त्याच्या नजरेला नजर न देता. बाईंच्या नवऱ्याला दवाखान्यात नेल्याचं मेहुण्यानं त्यांना फोन ठेवतानाच सांगितलं होतं.

मेहुण्यानं इंजिन बंद केलं नव्हतं. त्यानं दार उघडलं. "आता बघा."

मिस्त्रींनी नेहमीसारखा तळवा धरला. डोळे मिटले. "गार आहे," ते म्हणाले. त्यांनी डोळे उघडले तर मेहुणा समोरच उभा होता. तो त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहत होता की मिस्त्री चरकले.

"काय झालं?"

"दाजी, हात नको. तोंड आत घाला."

मिस्त्री वाकले आणि त्यांनी चेहरा जाळीसमोर नेला. भट्टीचं दार उघडावं तसा झोत त्यांच्या डोळ्यांवर आला. ते मागं सरले, पुन्हा पुढं झाले. गालाला भाजत होतं. त्याच वाऱ्यात त्यांनी हात धरला. हाताला काहीच नव्हतं. ना गार, ना गरम. नुसतं काहीतरी वाहत होतं.

मेहुणा कामाला लागला. डॅशबोर्डच्या पोटात एक झडप असते. इंजिनची गरम हवा किती घ्यायची आणि गार किती, ते ती ठरवते. ती फिरवणाऱ्या प्लास्टिकच्या चाकाचा दात तुटला होता. कधी झडप नीट मिटायची, कधी मध्येच अडकून सगळी गरम हवा आत सोडायची. गॅस बरोबर, पाइप बरोबर, काटे बरोबर. असा बिघाड मीटरला दिसत नाही. मेहुण्यानं चाक काढून दिव्याखाली धरलं. "हे होतं, दाजी." मिस्त्रींनी ते हातात घेतलं नाही. ते जुन्या टायरवर बसले होते आणि आपला पंजा पालथा-उलथा करून पाहत होते. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे जुने डाग होते. ते कधी पडले, त्यांना आठवेना.

घरी त्यांनी जेवायला नकार दिला. बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी तिला दोन पेले भरायला सांगितले, एकात उकळतं पाणी आणि दुसऱ्यात माठातलं. "आणि मला सांगू नको कुठलं कुठलं." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात मागं केला. बायकोनं एक पेला त्यांच्या हातात दिला.

"गार," मिस्त्री म्हणाले.

बायकोनं पेला चटकन काढून घेतला. मिस्त्रींनी मागं वळून पाहिलं तर ती पदरानं त्यांची बोटं पुसत होती, आणि पेल्यातून वाफ निघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "हात गेला तर माझ्याजवळ राहिलंच काय, असं तुम्हीच म्हणायचात ना? मला वाटलं, तुम्हालाही कळलं असेल. कळूनही तुम्ही बोलत नसाल."

मिस्त्रींना तिच्यावर रागवावंसं वाटलं, पण राग काही येईना.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. मेहुणा सोबत येतो म्हणाला, पण त्यांनी त्याला शेडमध्येच थांबवलं. वाटेत ते मनाशी वाक्यं जुळवत होते. ताई, माझी चूक झाली. ताई, माझा हात... एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

वॉर्ड लांबलचक होता, खिडक्यांना हिरवे पडदे. बाई पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, पण त्यांनी मिस्त्रींसाठी पायथ्याशी जागा करून दिली. नवऱ्याचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. "जीव वाचला," बाई म्हणाल्या. "शब्द गेले पण. होते तेही. काल संध्याकाळपासून नुसता घशातून आवाज येतो."

"गाडी नीट केलीय," मिस्त्री म्हणाले आणि लगेच त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"गाडीचं राहू द्या हो आता."

नर्स आली आणि सलाइनची बाटली बदलून गेली. बाईंनी नवऱ्याचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागल्या. बराच वेळ चोळत होत्या. मग एकाएकी त्यांचा धीर सुटला. "मला सारखं वाटतंय, त्यांचा हात गार पडत चाललाय. माझेच हात इतके गार झालेत की मला काही कळतच नाही. मिस्त्री, तुम्ही बघा ना जरा. तुम्हाला तर बरोबर कळतं." आणि त्यांनी नवऱ्याचा हात मिस्त्रींच्या तळव्यावर ठेवला.

मिस्त्रींनी तो धरला. हाडं लागत होती, कातडीचा सैलपणा लागत होता. याखेरीज काही नाही. एखादा लाकडाचा तुकडा धरावा तसं. त्यांनी सवयीनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. एक शब्द पुरला असता. ऊबदार आहे म्हटलं असतं तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता, आणि बहुधा ते खरंही असतं. तो शब्द मिस्त्रींच्या ओठांवर आलाही होता.

"मला कळत नाही, ताई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गार का गरम, ते हाताला कळत नाही माझ्या. किती दिवसांपासून, देव जाणे. काल, तुम्ही कोमट म्हणालात तेव्हाही कळत नव्हतं. तुम्हाला बरोबर लागत होतं. मीच..."

बाई काही क्षण समजायचा प्रयत्न करत राहिल्या. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी फक्त नवऱ्याचा हात मिस्त्रींच्या हातातून काढून घेतला, सावकाश, उगीच हिसका न देता, आणि पांघरुणाखाली ठेवला. मग चष्मा काढून पुसत बसल्या. मिस्त्री उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"या तुम्ही," बाई म्हणाल्या.

साखरेच्या डॉक्टरांनी मिस्त्रींच्या तळहाताला टोचून, थंड लोखंड लावून तपासलं. पायाचीही तीच गत होती. जे गेलं ते परत येईल असं मी सांगत नाही, ते म्हणाले. आहे ते टिकवायचं बघू. गोळ्या वाढवल्या. बायको आता गोळी तोंडात टाकेपर्यंत समोरून हलायची नाही, आणि मिस्त्रीही कुरकुर करायचे नाहीत.

शेडमध्ये मेहुण्यानं एक छोटा थर्मामीटर आणला. दांडी जाळीत खोचायची आणि आकडा वाचायचा. पहिल्यांदा तो काढताना त्यानं मिस्त्रींकडे पाठ केली होती. मिस्त्री म्हणाले, "लपवतोस कशाला? लाव." ते आता मीटर जोडून देत, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून सांगत, बाकी वेळ बाकावर बसून राहत. जुनी गिऱ्हाइकं अजूनही हटून बसायची. "ते आकडे राहू द्या, मिस्त्री, तुम्ही एकदा हात लावा." मिस्त्री मान हलवायचे. खरं कारण ते एकाही गिऱ्हाइकाला सांगत नसत. मेहुणा म्हणायचा, दाजींचा खांदा धरलाय.

गाडी न्यायला बाई बऱ्याच दिवसांनी आल्या. नवरा घरी आला होता. गप्प असतो, एवढंच त्यांनी मेहुण्याला सांगितलं. उपचारांना नेणं बंद झालं होतं. मेहुण्यानं इंजिन चालू करून आकडा दाखवला. बाईंनी तो वाचला आणि तरी त्या काचा लावून आत बसून राहिल्या. कितीतरी वेळ. जाळीसमोर कधी हात, कधी मनगट, कधी गाल धरत होत्या. मिस्त्री बाकावरून पाहत होते. शेवटी बाईंनी काच खाली केली, मेहुण्याला मान हलवून हो म्हटलं आणि गाडी बाहेर काढली. बाकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी बायकोनं घमेल्यात पाणी घेऊन मिस्त्रींचे पाय धुतले. डॉक्टरांनी रोज तपासायला सांगितलं होतं. फडक्यानं बोटांच्या बेचक्या कोरड्या करता करता ती थांबली.

"इथं खिळा लागलाय. रक्त सुकलंय. कधी लागला?"

"कळलं नाही."

तिनं दिवा जवळ ओढला आणि मलमाची डबी उघडली.